कविता उलगडायची कशी: एका आठ ओळींच्या कवितेच्या सोबतीने

‘या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे. कवितेची भाषा सोपी व ओघवती आहे. अनुप्रास व यमक या अलंकारांमुळे कवितेला नाद प्राप्त झाला आहे.’

अशी रसग्रहणं ढिगाने लिहिली जातात. त्यात चूक काहीच नाही. पण ही तीन वाक्यं हजार कवितांना जशीच्या तशी लावता येतात, आणि ती वाचून कविता कुठली होती हे ओळखता येत नाही. लिहिणाऱ्याने कविता वाचली असेलही, पण तिच्यात तो थांबलेला नाही.

विश्लेषण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्यापुरतं उत्तर असं: कवीने इथे हाच शब्द, हीच ओळ, हीच लय का ठेवली, आणि ती बदलली असती तर काय हरवलं असतं, हे शोधायचं. ‘बदलून पाहणं’ ही या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट आहे. ती पुढे पुन्हा पुन्हा येईल.

नुसत्या सूचना देऊन हे शिकवता येत नाही, म्हणून सोबत एक पूर्ण कविता घेऊ. बालकवींची ‘औदुंबर’:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतून.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

ही कविता अनेकांना पाठ असते, आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलंही गेलं आहे. ते सगळं सध्या बाजूला ठेवा. आधी कविता, मग तिच्याबद्दलचं वाचन. हा क्रम उलटला की दुसऱ्याचे डोळे लावून वाचण्याची सवय लागते आणि ती सुटायला फार वेळ लागतो.

पहिली पायरी: आवाज आणि हात

कविता मोठ्याने वाचा. पहिल्यांदा अर्थाची काळजी न करता वाचा. जीभ कुठे अडते, आवाज कुठे आपोआप खाली येतो, कुठल्या ओळीनंतर श्वास घ्यावासा वाटतो, एवढंच टिपा. मग ती वहीत हाताने उतरवून घ्या, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. टाईप करण्यापेक्षा हाताने लिहिताना विरामचिन्हं, ओळीचा शेवट, जोडून लिहिलेले शब्द हे सगळं डोळ्यांखालून जातं. ‘बेटाबेटांतून’ लिहिताना आपण एकच शब्द दोनदा लिहितो आहोत हे हाताला कळतं.

उतरवून झाल्यावर एक काम ताबडतोब करा. मनात पहिली जी प्रतिक्रिया उमटली ती एका ओळीत लिहून ठेवा: ‘शांत वाटलं, पण शेवटी थोडं भरून आलं’, ‘शेवटची ओळ का आवडली कळलं नाही’. अशी कितीही ओबडधोबड असली तरी चालेल. पुढचं सगळं विश्लेषण म्हणजे बहुतेकदा या पहिल्या ओळीचं कारण शोधणं असतं.

दुसरी पायरी: अन्वय लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे अडतात ते इथेच. कवितेतली वाक्यं गद्यात मांडून पाहायची. कर्ता कोण, कर्म काय, क्रियापद कुठलं. ‘तयांतुन’ म्हणजे कशांतून? आधीच्या ओळीतल्या शेतमळ्यांतून. ‘पडे’, ‘पसरी’ ही जुनी काव्यातली रूपं आहेत, आजच्या ‘पडते’, ‘पसरतो’च्या जागची. कोश जवळ ठेवा. माहीत आहेत असे वाटणारे शब्दसुद्धा तपासा. ‘काळिमा’ म्हणजे काळेपणा, पण त्याच शब्दाला डाग, कलंक असाही अर्थ चिकटलेला आहे. ‘झाकळणे’ म्हणजे अंधारून येणं. हे दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत आणि त्यांच्या मध्ये ‘गोड’ आहे. इथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

आता सातवी ओळ गद्यात लिहायला बसा. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. पसरणारं कोण? एक अन्वय असा: गोड काळिमा पाणी झाकळून लाटांवर पसरतो. दुसरा असा: कर्ता पुढच्या ओळीतला औदुंबर, तो पाणी झाकळून टाकतो, लाटांवर गोड काळिमा पसरवतो आणि पाय टाकून बसतो. पहिल्यात काळोख स्वतःहून येतो, दुसऱ्यात तो झाडाकडून येतो. व्याकरण दोन्हींना वाव देतं. अशी जागा सापडली की घाईने एक अर्थ पक्का करू नका. दोन्ही लिहून ठेवा. कवितेचं मर्म अनेकदा अशाच ठिकाणी असतं, आणि ‘सरळ अर्थ’ लावून पुढे गेलेल्या वाचकाला ते दिसतच नाही.

तिसरी पायरी: कोण बोलतं, कुठून पाहतं

प्रत्येक कवितेत एक बोलणारा असतो. तो म्हणजे कवीच, असं गृहीत धरायचं नाही. त्याला ‘निवेदक’ म्हणा किंवा नुसतं ‘बोलणारा’. तो कुणाशी बोलतोय? स्वतःशी, एखाद्या व्यक्तीशी, देवाशी, वाचकाशी? त्याचा सूर कसा आहे: आर्जवी, चिडलेला, थकलेला, अलिप्त?

‘औदुंबर’मध्ये ‘मी’ नाही. ‘तू’ही नाही. आणखी नीट पाहिलं तर माणूसच नाही. गाव आहे, चार घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, पण वाटेवरून जाणारं कुणी नाही. पाहणारा मात्र आहे, कारण ‘पैल’ म्हणायला आधी आपण ‘ऐल’ कुठेतरी उभे असावे लागतो. त्याची नजर कशी फिरते ते रेघ मारून काढा: जवळचा झरा, मग लांबची टेकडी आणि गाव, मग त्याच्या पुढचे मळे, आणि तिथून वाटेला धरून पुन्हा खाली, डोहापर्यंत. नजर लांब जाऊन परत येते, आणि जिथून निघाली होती तिथे नेमकी पोचत नाही. निघाली वाहत्या पाण्यापासून, थांबली डोहाशी.

सुराच्या बाबतीत एक वेगळं उदाहरण द्यायलाच हवं, कारण सूर चुकला की सगळं चुकतं. बा. सी. मर्ढेकरांच्या या ओळी पाहा:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

‘ओठांवरती ओठ मिळाले’ ही ओळ एकटी काढून दाखवली तर कुणीही तिला प्रेमकवितेतली म्हणेल. इथे ती मेलेल्या उंदरांबद्दल आहे. शृंगाराचा शब्द आणि किळस यांना एकमेकांवर आदळू दिलं आहे, आणि ‘माना पडल्या’ हे शब्द तसेच परत आणून ‘मुरगळल्याविण’च्या जागी ‘आसक्तीविण’ ठेवलं आहे. सूर ठरवताना ‘दुःखी’ किंवा ‘उपरोधिक’ असं एकच विशेषण शोधत बसू नका. कुठला सूर कुठल्या सुरावर चढवला आहे, ते सांगा.

चौथी पायरी: पुन्हा येणाऱ्या गोष्टी आणि वळण

आता पेन्सिल घेऊन कवितेवर खुणा करायच्या. मी सहसा चार याद्या करतो: क्रियापदं, विशेषणं, इंद्रियांना जाणवणाऱ्या गोष्टी (रंग, आवाज, स्पर्श), आणि दोनदा किंवा अधिक वेळा आलेले शब्द. कंटाळवाणं वाटेल, पण कवितेचा आशय पहिल्यांदा दिसतो तो इथे.

‘औदुंबर’मधले रंग क्रमाने लिहा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवा तीनदा आहे आणि सहाव्या ओळीनंतर तो पुन्हा दिसत नाही. काळा त्याच सहाव्या ओळीत पहिल्यांदा येतो आणि पुढे टिकतो. म्हणजे ‘हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे’ ही ओळ हिरव्याने सुरू होऊन काळ्याकडे जाते, आणि दोघांच्या मध्ये क्रियापद आहे ‘चालली’. कवितेचं वळण हे इथे आहे.

वळण म्हणजे जिथे कविता दिशा बदलते ती जागा. कधी ती ‘पण’, ‘परंतु’, ‘तरी’ अशा शब्दाने उघड दिसते. कधी काळ बदलतो, कधी बोलणारा बदलतो, कधी लांब ओळींमध्ये एक आखूड ओळ येते. सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या बांधीव रचनेत, ते बहुधा आठव्या ओळीनंतर सापडतं. अभंगात शेवटच्या चरणात संताचं नाव येतं तिथेही बोलण्याची पातळी पुष्कळदा बदलते. वळण सापडलं नाही तर कविता पुन्हा वाचा. क्वचित एखाद्या कवितेत ते खरंच नसतं, पण तसं ठरवायची घाई नको.

क्रियापदं: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, वाट चालते, आणि शेवटी कुणीतरी बसतं. मधल्या ‘चार घरांचे गाव’ या ओळीला क्रियापदच नाही. गाव नुसतं आहे.

पुन्हा येणारे शब्द: ‘पैल’ दोनदा, ‘जळ’ दोनदा. आणि ‘पाय’. पाचव्या ओळीत ‘पायवाट’, आठव्यात ‘पाय टाकुनी’. वाट पायांसाठी असते, पण या वाटेवर कुणाचे पाय दिसत नाहीत. कवितेतले पाय एकट्या झाडाचे. हे लक्षात आल्यावर शेवटच्या ओळीचं वजन बदलतं. वाटेने जणू माणूस यायला हवा होता, आणि ती संपते तिथे बसलेला असतो तो औदुंबर.

पाचवी पायरी: तंत्र, आणि बदलून पाहणं

अलंकार ओळखणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. खुणांचे शब्द ठरलेले असतात. ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’, ‘जसा’ असले की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ असले की बहुधा उत्प्रेक्षा. दोन गोष्टी एकरूप मानल्या की रूपक. निर्जीवाला किंवा मानवेतर वस्तूला माणसासारखं वागवलं की चेतनगुणोक्ती. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष. हे पाठ असायला हवं, यात वाद नाही. पण अलंकाराचं नाव सांगून थांबणं म्हणजे काम सुरू होण्याआधीच उठून जाणं.

उपमा सापडली तर तीन प्रश्न विचारा. कशाला कशाची उपमा दिली? दोघांत समान काय? आणि या उपमानाबरोबर, म्हणजे जिची उपमा दिली त्या गोष्टीबरोबर, आणखी काय काय आत आलं? बहिणाबाई चौधरींच्या ओळी घ्या:

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मिळते भाकर

संसाराला तव्याची उपमा. समान काय, तर ताप, असं पटकन म्हटलं जातं. पण ओळी स्वतः काय सांगतात ते पाहा: ‘आधी’ आणि ‘तव्हा’. उपमेचा भार तापावर नाही, क्रमावर आहे. चटके भाकरीच्या आधी येतात आणि भाकर चटक्यांमुळेच मिळते. शिवाय तव्याबरोबर एक हात आला, रोज तवा ठेवणारीचा. संसाराबद्दलचं हे बोलणं दुरून केलेलं चिंतन राहत नाही, ज्याचे हात भाजलेत त्याचं ते बोलणं होतं. आता बदलून पाहा. तव्याच्या जागी वणवा ठेवा. ताप तेवढाच, उलट जास्त. पण भाकर गेली, हात गेला, ‘आधी’ आणि ‘तव्हा’ गेले. कवितेला नेमकं काय हवं होतं ते बदलामुळे दिसतं.

हीच कसोटी ‘औदुंबर’ला लावू. ‘गोड काळिमा’च्या जागी ‘दाट काळिमा’ म्हणून पाहा. मात्रा तेवढ्याच राहतात, लय कुठेही मोडत नाही. अर्थ मात्र बदलतो. दाट काळोख आपल्याला बाहेर ठेवतो, थोडा घाबरवतो. गोड काळोख आत बोलावतो. काळिमा या शब्दात डागाची छटा आहे, आणि ‘गोड’ तिच्या अगदी विरुद्ध उभा आहे. शब्दांचा हा विरोध काढला की उरतं ते एक नीटस निसर्गचित्र.

दुसरा बदल: झाड आपण ‘उभं आहे’ म्हणतो. मराठीत झाडं उभी असतात. कवीने इथे त्याला बसवलं आहे, तेही पाण्यात पाय टाकून. उभं राहणाऱ्यात सावधपणा असतो, निघून जाण्याची शक्यता असते. पाण्यात पाय सोडून बसलेला कुठे जायच्या घाईत नसतो. ‘चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे’ या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही.

प्रतिमा आणि प्रतीक यांत गोंधळ होतो, म्हणून दोन शब्द. डोळ्यांसमोर किंवा इतर इंद्रियांसमोर उभं राहतं ती प्रतिमा. तीच प्रतिमा स्वतःपलीकडच्या कशाकडे तरी सतत बोट दाखवू लागली की प्रतीक. प्रत्येक प्रतिमेला प्रतीक बनवायची गरज नसते. डोह आधी डोह आहे. तो पाण्याचा, खोल आणि काळा आहे हे आधी पुरतं जाणवू द्या.

ध्वनी आणि वृत्त

याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे लोक सर्वांत जास्त घाबरतात.

मराठी कवितेच्या रचनेचे ढोबळ प्रकार असे. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चारांच्या अक्षरांचा, क्रम ठरलेला असतो. भुजंगप्रयातात चार ‘य’ गण (लघु-गुरू-गुरू असा तीन अक्षरांचा गट), म्हणजे 12 अक्षरं, शार्दूलविक्रीडितात 19. मात्रावृत्तात अक्षरं कमीजास्त चालतात, मात्रांची बेरीज ठरलेली असते. छंदात अक्षरांची संख्या मोजतात, लघु-गुरू नाही. अभंग आणि ओवी या घरातल्या. वर दिलेल्या बहिणाबाईंच्या चारही ओळी मोजून पाहा, प्रत्येकी 8 अक्षरं भरतात. मुक्तछंदात यातलं काहीच ठरलेलं नसतं.

मात्रा मोजायच्या तर ऱ्हस्व अक्षराला 1, दीर्घाला 2. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्वावर पडला तर त्यालाही 2 (‘गर्दी’तला ग), पण ‘मळ्यांची’तल्या म-वर तसा आघात येत नाही, म्हणून तो 1. आता ‘ऐल तटावर’ मोजा: 2, 1, 1, 2, 1, 1, म्हणजे 8. ‘पैल तटावर’ पुन्हा 8. ‘हिरवाळी घे’ 8, आणि ‘ऊन’ 3. एकूण 27. आठ-आठचे तीन गट आणि शेवटी एक आखूड तुकडा, अशी ही कविता चालते. शेवटच्या दोन ओळींत तो तुकडा ‘वर’ आणि ‘बर’ असा दोनच मात्रांचा आहे. म्हणताना आपण तो लांबवतो.

आकडे मिळाले. पुढे काय? लय कुठे वेगळी वागते ते पाहा. पहिल्या दोन गटांच्या सीमेवर बहुतेक ओळींत शब्द नीट संपतो. सहाव्या ओळीत ‘कुरणां-मधुन’ असा सांध्यावर वाकतो. पाचव्या ओळीत मात्र अखंड शब्द मध्येच तुटतो: ‘पायवाट पां / ढरी तयांतुन’. सरळ चाललेली चाल नेमकी तिथे अडखळते जिथे वाट ‘अडवीतिडवी’ आहे. कवीने हे ठरवून केलं का? सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही नाही. वाचताना कानाला ते जाणवतं का, एवढंच विचारायचं. मला जाणवतं. तुम्हाला नाही जाणवलं, तर हा मुद्दा तुमच्या लेखात घेऊ नका.

नादाचं तसंच. शेवटाकडे ‘ळ’ दाटत जातो: झाकळुनी, जळ, काळिमा, जळात. मधल्या चार ओळींच्या शेवटी ‘कडे, पुढे, पडे, कडे’ असा एकसारखा टोला येतो, आणि शेवटच्या दोन ओळींत तो बंद होऊन ‘वर’, ‘बर’ असा मऊ शेवट येतो. रंग जिथे बदलतो त्याच्या लगेच पुढे नादही बदलतो. अशा दोन स्वतंत्र खुणा एकाच जागी बोट ठेवू लागल्या की आपण बरोबर दिशेने चाललो आहोत असं मानायला हरकत नाही.

मुक्तछंदातल्या कवितेत वृत्ताच्या जागी ओळीचा तुकडा पाहायचा. कवीने ओळ इथेच का तोडली? एकटा पडलेला शब्द कुठला? मोकळी सोडलेली जागा कशाच्या आधी आहे, कशाच्या नंतर? ओळी जोडून गद्यासारख्या लिहून वाचा. काहीच हरवलं नाही, तर त्या तोडण्यात विशेष काही नव्हतं, आणि असं प्रामाणिकपणे लिहायला बिचकू नका.

सहावी पायरी: आशयसूत्र वाक्यात लिहा

कवितेचा विषय एका शब्दात सांगता येतो: निसर्ग, प्रेम, मरण, संसार. आशयसूत्र एका शब्दात सांगता येत नाही, त्याला वाक्य लागतं. या विषयाबद्दल कविता काय म्हणते, हे त्या वाक्यात असायला हवं. आणि ते वाक्य कवितेच्या प्रत्येक ओळीसमोर धरून तपासायला हवं.

‘औदुंबर’साठी पहिला प्रयत्न: ‘निसर्ग सुंदर आणि शांत असतो.’ पहिल्या चार ओळींवर हे चालतं. सहाव्या ओळीतला काळा डोह याला जुमानत नाही. वाक्य रद्द.

दुसरा प्रयत्न: ‘ही मरणाच्या ओढीची कविता आहे.’ काळा डोह, तिकडे जाणारी वाट, गोड काळिमा, हे सगळं याच्या बाजूने आहे. पण मग झाडाचं काय? ते बुडत नाही. फक्त पाय पाण्यात आहेत. आणि मरण हा शब्द किंवा त्याची उघड खूण कवितेत कुठेही नाही. वाक्यात तथ्य आहे, पण ते कवितेपेक्षा मोठ्याने बोलतं.

तिसरा: ‘वाहत्या, चालत्या, माणसांच्या जगाची वाट एका खोल काळोखापाशी येते, आणि त्या काळोखाला न भिता त्याच्या काठाशी स्थिर बसता येतं, त्या बसण्यात एक गोडवाही आहे.’ याला झरा लागतो, गाव लागतं, वाट लागते, डोह लागतो, बसणं लागतं, ‘गोड’ लागतो. हे वाक्य मला टिकाऊ वाटतं. औदुंबराच्या झाडाला परंपरेत दत्ताचं स्थान मानतात, त्यामुळे या बसण्यात विरक्ताची, ध्यानस्थाची छटा पाहणारे वाचकही आहेत, आणि ‘पैल’ या शब्दामुळे त्यांच्या वाचनाला आधार मिळतो. तुमचं वाक्य वेगळं निघालं तरी चालेल. अट एकच: कुठलीही ओळ लपवून ठेवावी लागता कामा नये.

रसाचं नाव द्यायचं असेल तर ते इथे, शेवटी द्या. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, शांत हा नववा पुढे मानला गेला. ‘औदुंबर’ला शांत रस म्हणता येईल, पण त्या शांततेच्या तळाशी काय आहे हे सांगितल्याशिवाय नाव अपुरं आहे.

सातवी पायरी: चरित्र आणि काळ, बेतानेच

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, 1890 साली जन्मले आणि 1918 साली रेल्वे अपघातात गेले. वय 27. हे कळलं की काळ्या डोहात त्यांचं मरण दिसायला लागतं. तो मोह आवरायला हवा. कविता लिहिताना कवीला आपला शेवट माहीत नव्हता. चरित्रातून शब्दांचा अर्थ काढायचा नसतो. शब्दांतून निघालेल्या अर्थाला चरित्राने दुजोरा दिला तर तसं एखाद्या वाक्यात नोंदवायचं. काळाचा उपयोग मात्र नक्की होतो: ‘पडे’, ‘पसरी’ अशी रूपं तेव्हाच्या काव्यभाषेत रूढ होती, त्यामुळे ती मुद्दाम जुनाट वाटावीत म्हणून वापरली आहेत असा निष्कर्ष काढण्याची चूक टळते.

आठवी पायरी: लिहिणं

सुरुवातीलाच आशयसूत्र सांगा, दोन-तीन वाक्यांत. कवीचं नाव, जन्मगाव, पुरस्कार यांनी पान भरू नका. मग प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घ्या, आणि त्यात तीन गोष्टी असू द्या: तुमचं म्हणणं, कवितेतले नेमके शब्द, आणि ते शब्द तुमच्या म्हणण्याला कसे पोचतात याचं स्पष्टीकरण. तिसरी गोष्ट सर्वांत लांब असायला हवी. प्रत्यक्षात ती सर्वांत आखूड असते. ओळ उद्धृत करून ‘यावरून हे स्पष्ट होते’ असं लिहून पुढे गेलात, तर थांबा आणि मधली पायरी लिहा.

कवितेच्या क्रमाने ओळ-ओळ अर्थ सांगत जाऊ नका. ते भाषांतर होतं, कवितेचं गद्यात. मुद्द्यांच्या क्रमाने जा, आणि एकाच ओळीकडे दोन वेगळ्या मुद्द्यांसाठी परत यायला संकोच करू नका.

नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो:

‘कवितेतील गती टप्प्याटप्प्याने मंदावत जाते. झरा “वाहतो”, पायवाट “चालली” आहे, औदुंबर मात्र “बसला” आहे. ही गती थांबते ती सहाव्या ओळीनंतर, आणि तिथेच हिरवा रंग कवितेतून निघून जातो. “हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे” या ओळीत दोन्ही रंग एकाच वाक्यात आहेत आणि त्यांना जोडणारी वाट रिकामी आहे. या वाटेवरून कुणी माणूस डोहापर्यंत येत नाही. “पायवाट” या शब्दातील पाय शेवटच्या ओळीत परततात ते झाडाचे होऊन. त्यामुळे औदुंबर हा दृश्यातील आणखी एक घटक न राहता, वाट ज्याच्यापर्यंत पोचते असा एकमेव जिवंत साक्षी ठरतो.’

यात अलंकाराचं एकही नाव आलेलं नाही. हवं असेल तर ‘चेतनगुणोक्तीमुळे’ असा शब्द घालता येईल, आणि परीक्षेसाठी लिहीत असाल तर जरूर घाला. पण तो शब्द काढल्यावरही परिच्छेद उभा राहिला पाहिजे.

मसुदा झाला की दोन तपासण्या करा. पहिली: ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘प्रभावी’, ‘ओघवती’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी, ते वाटायला लावणारी कवितेतली गोष्ट लिहा. दुसरी: तुमचं प्रत्येक वाक्य एखाद्या अगदी वेगळ्या कवितेवरच्या लेखात उचलून ठेवा. तिथे ते सहज बसत असेल, तर खोडा आणि कवितेकडे परत जाऊन त्या जागी दुसरं वाक्य शोधा. पहिल्या मसुद्यातली बरीच वाक्यं अशी जातात, आणि त्यांच्या जागी येणारी नवी वाक्यं बहुतेक वेळा पेन्सिलीच्या खुणांमध्ये आधीच पडलेली असतात.